वेधशाळेचे पाठभेद

उज्जैनच्या वेधशाळेत आज ज्या खुणांवर आपण वेळ वाचतो, त्या सवाई जयसिंहाच्या गवंड्यांनी कोरलेल्या नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे. या वास्तूविषयी मराठीत आणि हिंदीत जे छापले जाते, त्यातल्या बहुतेक मजकुरात ते कुठे आढळत नाही. 'अठराव्या शतकातील वेधशाळा आजही अचूक वेळ दाखवते' एवढे सांगून लेखक मोकळे होतात. अचूकता कोणाची, जयसिंहाची की १९२३ साली तिची डागडुजी करणाऱ्यांची, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

जुन्या पोथीच्या बाबतीत आपण असे वागत नाही. ज्ञानेश्वरीची प्रत हाती आली की कोणत्या शतकातली, कोणत्या लेखनिकाची, प्रक्षिप्त ओव्या कोणत्या, हे विचारल्याशिवाय जाणता वाचक पुढे जात नाही. दगड-चुन्याच्या वास्तूला मात्र ही शिस्त आपण लावत नाही. ती उभी आहे म्हणजे ती मूळची आहे, असे धरून चालतो. मी पुरातत्त्वाचा किंवा खगोलशास्त्राचा पदवीधर नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ वाचता वाचता या विषयात शिरलो, आणि गेली पंचवीसेक वर्षे सवडीने या वेधशाळा पाहत आलो. (दीक्षित स्वतः शाळामास्तर होते, हा आमच्यासारख्यांना मोठा आधार.) तेव्हा या लेखात उज्जैनची वेधशाळा मी पोथीसारखी वाचणार आहे.

मूळ संहितेपासून सुरुवात करू. आंबेरचा राजा सवाई जयसिंह १६८८ मध्ये जन्मला आणि १७४३ मध्ये वारला. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, बनारस आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. का बांधल्या, हे त्याच्या 'झीज-इ-मुहंमदशाही' या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे. प्रचलित कोष्टकांवरून काढलेल्या ग्रहांच्या जागा आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नव्हता. आधी त्याने समरकंदच्या उलुघ बेगाच्या परंपरेतली पितळी यंत्रे करून पाहिली. पण ती लहान असल्याने अंशांचे सूक्ष्म भाग पडत नव्हते, आस झिजत होते आणि मध्यबिंदू सरकत होते. म्हणून चुन्या-दगडाची प्रचंड यंत्रे बांधायचे ठरले. आधी दिल्लीत, आणि तिथल्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून मग इतर चार नगरांत, हा क्रम प्रस्तावनेतच आहे.

हा क्रम ध्यानात ठेवला तर एक गोष्ट तिथल्या तिथे निकालात निघते. उज्जैनच्या वेधशाळेचे साल १७१९ असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. पण ज्या मुहंमदशाहाच्या नावाने हा ग्रंथ आहे, तो गादीवर आला तोच मुळी १७१९ च्या सप्टेंबरात. दिल्लीची वेधशाळा १७२४ च्या सुमाराची मानली जाते. धाकट्या बहिणीचा जन्म थोरलीच्या आधी पाच वर्षे झाला असे म्हणण्यासारखे हे आहे. जयसिंह माळव्याचा सुभेदार एकापेक्षा अधिक वेळा होता, त्यामुळे उज्जैनशी त्याचा संबंध लांबलचक होता हे खरे. पण राजाची स्वतःची प्रस्तावना बाजूला सारून १७१९ ला चिकटून राहायला कारण दिसत नाही.

आता वास्तूंकडे. क्षिप्रेच्या काठी, जुन्या जयसिंहपुऱ्यात, सम्राट यंत्र, नाडीवलय, दक्षिणोत्तर भित्ती, दिगंश यंत्र आणि शंकू अशी पाच यंत्रे आहेत. लोक या जागेला जंतरमहाल म्हणतात. जयपूर पाहून आलेल्या माणसाला इथे थोडे हिरमुसल्यासारखे होते. जयपूरचे सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे, इथले जेमतेम बावीस फूट. पण तत्त्व तेच. त्रिकोणी भिंतीची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर असते, म्हणजे त्या गावच्या अक्षांशाइतकी कललेली. उज्जैनला सुमारे २३ अंश १० कला. दोन्ही बाजूंना वर्तुळाचे पाव भाग. भिंतीची सावली सकाळी पश्चिमेच्या पावावर पडते, माध्यान्ही पायथ्याशी येते आणि दुपारी पूर्वेच्या पावावर चढते.

यंत्र मोठे केले की अचूकता वाढते, हे अर्धेच खरे आहे. जयपूरच्या यंत्राच्या पाव वर्तुळाची त्रिज्या पंधरा मीटरच्या वर आहे. सावली तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे तिची कड तासाला जवळजवळ चार मीटर, सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते. दोन सेकंदांच्या खुणा तिथे कोरता येतात त्या यामुळे. पण सूर्य हा बिंदू नव्हे, त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे. म्हणून सावलीची कड रेघेसारखी नसते. गडद छायेपासून उजेडापर्यंत धूसर पट्टा असतो, आणि जयपूरला तो सुमारे तेरा सेंटिमीटर रुंद होतो. वेळेच्या भाषेत दोन मिनिटे! यंत्र दुप्पट केले तर खुणा दुप्पट अंतरावर जातात, पण पट्टाही दुप्पट होतो. निरीक्षक मुरलेला असेल तर तो सावलीत दोरा ताणून धरतो आणि पट्ट्यातली नेमकी जागा शोधतो, तेव्हा चूक काही सेकंदांवर येते. म्हणजे अचूकता दगडात आहे तितकीच माणसाच्या डोळ्यात आहे. उज्जैनला त्रिज्या नऊ फुटांच्या आसपास आहे. तिथे सावली मिनिटाला बारा मिलिमीटर चालते आणि धूसर पट्टा अडीच सेंटिमीटरचा असतो. तिथे गेलात तर मार्गदर्शकाचे ऐकण्याआधी पाच मिनिटे ही कड नुसती बघत उभे राहा. आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताळा करताना विसरू नका की उज्जैनचा मध्यम माध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागून येतो. शिवाय वर्षभरात सूर्य कधी पुढे कधी मागे पळतो तो फरक वेगळा.

नाडीवलयाविषयी थोडक्यात. विषुववृत्ताला समांतर अशा त्याच्या दोन तोंडांपैकी उत्तरेचे तोंड मार्च ते सप्टेंबर उजळते आणि दक्षिणेचे उरलेले सहा महिने. सूर्य विषुववृत्त कधी ओलांडतो हे शाळकरी पोरालाही त्यावर दाखवता येते.

माझ्या मते इथला सर्वांत मोलाचा भाग दक्षिणोत्तर भित्ती आहे, आणि प्रवासी नेमका तिच्याच समोर सर्वांत कमी थांबतो. ही उत्तर-दक्षिण अशी नुसती भिंत. माध्यान्ही सूर्य खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, किती अंशांवर आहे एवढेच ती सांगते. पण वर्षातून दोन दिवस, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान, हे आकडे घेतले की अर्धे ज्योतिष हाती येते. जयसिंहाच्या काळच्या उज्जैनसाठी मांडून पाहू. डिसेंबरात सूर्य खस्वस्तिकाच्या दक्षिणेला ४६ अंश ३८ कला. जूनमध्ये मात्र तो खस्वस्तिक ओलांडून उत्तरेला १८ कला जातो. पहिल्यातून दुसरा वजा करून निम्मे केले की २३ अंश १० कला, हा गावचा अक्षांश. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की २३ अंश २८ कला, हे क्रांतिवृत्ताचे तिरकेपण. जयसिंहाच्या ग्रंथात हाच आकडा आहे आणि त्याच्या काळासाठी तो अर्ध्या कलेच्या आत बरोबर आहे. दूरदर्शक न लावता, भिंत आणि सावली एवढ्यावर!

याच अठरा कलांनी एका लोकप्रिय कथेचा निकाल लागतो. २१ जूनला उज्जैनला सावली नाहीशी होते, कारण गाव कर्कवृत्तावर आहे, असे हटकून सांगितले जाते. कर्कवृत्त गावाच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. विष्णू श्रीधर वाकणकरांनी त्याची जागा महिदपूरजवळच्या डोंगला गावी दाखवली, आणि तिथे आता नवी वेधशाळाही आहे. उज्जैनला २१ जूनच्या माध्यान्ही मीटरभर काठीची साडेचार मिलिमीटर सावली दक्षिणेकडे पडते. ती डोळ्याला दिसत नाही एवढेच. खरी शून्य सावली १२ जूनच्या आणि ३० जूनच्या आसपास, वर्षातून दोनदा येते. आभाळ मोकळे असेल तर ज्याला हवे त्याने पाहावे. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असणे ही उज्जैनची खरी गंमत आहे, आणि आपण ती ढोबळ कथेसाठी गमावतो.

मूळ संहितेचे मोल करताना दोन टोकांचे टीकाकार भेटतात. एक गौरव करणारे, दुसरे जी. आर. के यांच्या वळणाचे. के यांचा १९१८ चा ग्रंथ मोजमापांसाठी अजूनही उघडावा लागतो, पण हा राजा तीनशे वर्षे उशिरा आलेला उलुघ बेग आहे, असा त्यांचा एकंदर सूर आहे. त्या सुराला आधार नाही असे म्हणता येणार नाही. जयसिंहाच्या ग्रंथातली ताऱ्यांची यादी ही उलुघ बेगाचीच यादी आहे. प्रत्येक ताऱ्याच्या भोगात अयनचलनाचे ४ अंश ८ कला मिळवले आहेत. एवढी थोरली यंत्रे उभारून तारे पुन्हा का मोजले नाहीत, हा प्रश्न गौरववाल्यांनी टाळू नये. पण दुसऱ्या बाजूला, हाच राजा आग्ऱ्याचे जेझुइट पाद्री फिगेरेदो यांना गोव्याच्या वाटेने पोर्तुगालला पाठवतो, ते १७३० च्या सुमारास परततात, आणि ला हिर या फ्रेंच ज्योतिषाची कोष्टके हाती आल्यावर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक दाखवून देतो. युरोपचे छापील पुस्तक आले म्हणून त्याने मान तुकवली नाही; आधी आकाशाशी ताडून पाहिले. दूरदर्शकही त्याच्याकडे होता आणि त्यातून शुक्राच्या कला पाहिल्याचे तो लिहितो. तो मोजणीच्या यंत्राला जोडण्याची युरोपात रुळलेली युक्ती मात्र त्याच्यापर्यंत पोचली नाही. विरेंद्रनाथ शर्मा यांनी १९९५ च्या ग्रंथात हा सगळा हिशेब नीट मांडला आहे. गौरव आणि हेटाळणी या दोहोंवर उतारा म्हणून तो मराठीत यायला हवा.

या कामात जगन्नाथ सम्राट हे नाव मराठी वाचकाला जवळचे. त्यांनी अरबीतून टॉलेमीचा ग्रंथ 'सम्राट सिद्धान्त' या नावाने आणि युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. 'रेखागणित' पुढे मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते, आणि त्याची गोष्ट अशी सांगते की शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या जयसिंहाला हा विशीतला हुशार ब्राह्मण भेटला आणि त्याने त्याला आंबेरला नेले. गोष्ट छान आहे, फक्त राजा चुकला आहे. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंह १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास वारले. वेधशाळांचा जयसिंह त्यानंतर एकवीस वर्षांनी जन्मला. ही कथा खरी धरली तर १७३२ मध्ये 'सम्राट सिद्धान्त' पुरा करणारे जगन्नाथपंत नव्वदीला टेकलेले असायला हवेत. दख्खनशी सवाई जयसिंहाचा खरा संबंध शोधायचा तर तो १७०२ मध्ये आहे. औरंगजेबाने विशाळगडाला घातलेल्या वेढ्यात हा तेरा-चौदा वर्षांचा राजा हजर होता. नामसादृश्यामुळे दोन जयसिंह एक झाले. लेखनिकाच्या हातून दोन ओळी एक होतात, तसलाच हा प्रकार.

आता आपल्याला अवघड जाणाऱ्या पानाकडे. १७४१ मध्ये माळव्याची नायब सुभेदारी पेशव्यांना मिळाली ती जयसिंहाच्याच मध्यस्थीने. उज्जैन शिंद्यांचे झाले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेर गाठेपर्यंत ते त्यांचे मुख्य ठाणे होते. या काळात वेधशाळेचे काय झाले? साक्षीदार आहे. विल्यम हंटर नावाचा स्कॉटिश डॉक्टर १७९२-९३ च्या सुमारास उज्जैनला होता. त्याचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पाचव्या खंडात १७९९ मध्ये छापला गेला. त्याने यंत्रे मोजली, पण दिगंश यंत्रात त्याला शिरता आले नाही, कारण त्यावर कौले घालून तिथे देवाचे ठाणे केले होते. माझ्या दृष्टीने वेधशाळेच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका तपशील आहे. क्षितिजावर ग्रहाची दिशा पाहायची तर डोक्यावर मोकळे आकाश हवे, आणि नेमके तेच झाकले गेले. वेधशाळा कोणी रागाने पाडली नाही. तिचा उपयोग विसरला गेला आणि भिंती आयत्या मिळाल्या.

हंटरला तिथे एक तरुण पंडितही भेटला. त्याचा आजा जयसिंहाच्या मुख्य सहकाऱ्यांपैकी होता. बादशहाकडून त्याला ज्योतिषराय हा किताब आणि वर्षाला पाच हजार रुपयांची जहागीर मिळाली होती. किताब नातवापर्यंत आला, जहागिरीचे उत्पन्न मात्र मराठ्यांच्या स्वाऱ्यांत आणि खंडण्यांत पार आटले. विद्येला आश्रय मिळावा म्हणून हा तरुण दक्षिणेकडे निघाला होता. हंटर त्याच्या विद्वत्तेची आणि जवळच्या ग्रंथांची वाखाणणी करतो, आणि पुढे थोड्याच दिवसांत तो जयपुरास वारला हेही नोंदवतो. हंटर ब्रिटिशांचा चाकर होता, त्याला मराठ्यांविषयी वाईट लिहायचेच होते, असे म्हणून हा मजकूर उडवता येईल. मला ते पटत नाही. जमीनमहसूल बुडाला की आधी पंडित उठतो, हे आपल्याच दप्तरांत जागोजाग दिसते. आपल्या लेखांत मात्र वेधशाळेचा मराठी अध्याय सरळ १९२३ पासून सुरू होतो. मधली पाऊणशेच नव्हे, पावणेदोनशे वर्षे गाळली जातात.

ते १९२३. सिद्धान्तवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून माधवराव शिंद्यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार केला, चालवण्यासाठी पैसा लावून दिला, आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. हे कार्य थोर आहे. पण ते का झाले, हे समजायला माळव्यातून जरा मुंबई-पुण्याकडे यावे लागते. केरो लक्ष्मण छत्र्यांपासून महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटला होता. ग्रहणाची पंचांगातली वेळ आणि प्रत्यक्ष आकाश जुळत नव्हते. १९०४ ची मुंबईची परिषद, टिळकांचा आग्रह, व्यंकटेश बापूजी केतकरांचे गणित, हे सगळे त्या एका शब्दाभोवती फिरत होते: दृक्प्रत्यय. डोळ्यांना दिसेल ते खरे. या मंडळींना स्मारक नको होते, वेध घेण्याची जागा हवी होती, आणि भारतीय रेखांशाची जुनी मध्यरेषा ज्या उज्जैनवरून जाते, तिथे ती आयती होती. म्हणून आपट्यांनी यंत्रे जपून ठेवली नाहीत, ती चालू केली. खुणा नव्याने पाडल्या. त्यांच्याच देखरेखीखाली शंकू यंत्र उभे राहिले, जे हंटरच्या यादीत नाही. वेधशाळेचे ग्रहांच्या दैनंदिन स्थितींचे पंचांग १९४२ पासून निघू लागले. पंचांगकर्त्याच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते.

इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र ही टीपा नसलेली संपादित आवृत्ती आहे. कोणता भाग जुना, कोणता दुरुस्त, कोणता नवा, हे वास्तूवर कुठेही वाचता येत नाही. परिणाम असा की जयसिंहाच्या निरीक्षकांना उज्जैनला किती सूक्ष्म वाचन करता येत असेल, हे आजच्या खुणा मोजून ठरवता येत नाही. ठरवायला गेलात तर आपट्यांचे गवंडी मोजाल. जयपूरला १९०१-०२ मध्ये गॅरेट यांनी दुरुस्ती केली तेव्हा त्यांनी निदान पुस्तक लिहून ठेवले, आणि त्यात त्यांचे सहायक होते चंद्रधर गुलेरी, जे पुढे हिंदी कथेत अमर झाले. दिल्लीची दुरुस्ती १९१० च्या सुमारास झाली. बनारसची मानमंदिराच्या गच्चीवरची यंत्रे इतकी जुनी वाटत की रॉबर्ट बार्करने १७७७ मध्ये त्यांचे वर्णन लिहिताना जयसिंहाचा काळ ओलांडून बरेच मागे नेले. मथुरेची वेधशाळा १८५७ च्या थोडी आधी माल म्हणून विकली गेली, तिची वीटही उरली नाही. या पाचांत उज्जैनचीच वेधशाळा अशी आहे की जी दुरुस्तीनंतर कामाला लागली आणि लागूनच राहिली. नेमके याच कारणाने तिचा थर-थर वेगळा करून दाखवणे अधिक गरजेचे आहे.

२०२४ मध्ये आवारात पंच्याऐंशी फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळ बसले. सूर्योदय ते सूर्योदय तीस मुहूर्त ते दाखवते. घड्याळाला माझी हरकत नाही. लहान मुले तिथे थांबतात, विचारतात. पण आलेला माणूस मान वर करून आधी तेच पाहतो आणि बावीस फुटांचे सम्राट यंत्र त्याच्या लेखी जिना होते. एवढा मनोरा उभारता येतो, तर चार यंत्रांपाशी चार पाट्या बदलायला अडचण नसावी. सम्राट यंत्रापाशी धूसर पट्ट्याची आकृती आणि दोरा कसा धरायचा ते. भित्तीपाशी वरचे दोन वजाबाकी-बेरजेचे आकडे, आणि १२ जून, ३० जून या तारखा. शंकूपाशी तो आपट्यांच्या काळचा आहे ही एक ओळ. आणि दिगंश यंत्रापाशी, की हंटर आला तेव्हा यावर कौले होती, आत देव होता, आणि गावात एक ज्योतिषराय होता ज्याच्या जहागिरीतून काही येत नव्हते.